फुलोऱ्यातील द्राक्षबागेत डाऊनीची फवारणी नेमकी कधी घ्यायची?

फळछाटणीनंतर साधारण तीस ते चाळीस दिवसांत बाग फुलोऱ्यात येते आणि डाऊनीच्या (डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे केवडा या बुरशीजन्य रोगाच्या) बाबतीत सगळ्यात महागड्या चुका याच आठ-दहा दिवसांत होतात. कोणी वेळापत्रक लावून दर तिसऱ्या दिवशी औषध मारतो. कोणी ‘फुलोऱ्यात फवारलं की गळ होते’ म्हणून हात आखडता घेतो आणि घडावर पांढरी बुरशी दिसल्यावर पंप जोडतो. पहिल्याचा पैसा जातो आणि मालात औषधाचे अंश वाढतात, दुसऱ्याचा मालच जातो. बागेत ओल किती तास टिकली, घड कोणत्या अवस्थेत होता आणि आधीच्या औषधाचे संरक्षण कितपत शिल्लक होते, हे दोघांनीही पाहिलेले नसते.

पानावर डाग पडला तर पान जाते. घडाच्या दांड्याला फुलोऱ्यात लागण झाली तर घड जातो आणि त्या हंगामात तो परत मिळत नाही. म्हणून इथे निर्णय तासांत घ्यावा लागतो. त्यासाठीची तयारी मात्र आठवडाभर आधीची.

पुढचा क्रम नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे पट्ट्यातील फळछाटणीच्या बागांना धरून दिला आहे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, शरद या सगळ्या जाती डाऊनीला बळी पडतात, त्यामुळे जातीवर भिस्त ठेवून एखादी पायरी गाळू नये.

## १. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधी

बागेचे तुकडे पाडा. चार एकरांची छाटणी सहा दिवसांत झाली असेल तर ती फवारणीच्या दृष्टीने एक बाग नाही. छाटणीच्या तारखेप्रमाणे प्लॉटला क्रमांक द्या आणि वहीत प्रत्येकाचे पान वेगळे ठेवा. सगळ्यांवर एकाच दिवशी एकच औषध मारले की एका प्लॉटला ते लवकर होते, दुसऱ्याला उशिरा.

कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पाना-काड्यांचा पसारा, मोकळी करा. वांझ आणि दाटीतल्या काड्या, बगलफुटी, घडाला चिकटलेली पाने फुलोरा सुरू होण्याआधी काढून घ्या. दाट बागेत दव उशिरा वाळते. मोकळ्या बागेतला घड सकाळी आठला कोरडा होतो, तर दाटीतला दहापर्यंत ओला राहतो. हे दोन तास कोणत्याही औषधापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. शिवाय दाटीतल्या घडाच्या आतल्या पाकळ्यांपर्यंत (घडाच्या छोट्या उपफांद्यांपर्यंत) औषध पोचतच नाही. उघड्या राहिलेल्या काड्यांवर ऊन तळपेल इतकी विरळणी मात्र करू नये.

ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे, हवेच्या झोताने फवारणारे यंत्र) मोजून घ्या. हे काम बहुतेक जण टाळतात. टाकी अर्धी भरून ट्रॅक्टर नेहमीच्या गिअर आणि आरपीएमवर १०० मीटर चालवा. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४ किलोमीटर. मग उभ्या ट्रॅक्टरवर त्याच दाबाने सगळ्या नोझलचे पाणी मिनिटभर बादल्यांत धरा. समजा, एकूण १२ लिटर आले. सूत्र असे:

हेक्टरी पाणी = (मिनिटाचे लिटर × ६००) ÷ (ताशी वेग × ओळीतील अंतर मीटरमध्ये)

नऊ फुटी ओळ म्हणजे २.७४ मीटर. १२ × ६०० ÷ (४ × २.७४) = ६५७ लिटर हेक्टरी, म्हणजे एकरी सुमारे २६६ लिटर. एखादे नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त किंवा कमी पाणी देत असेल तर ते साफ करा किंवा बदला.

औषधाचा हिशेब करताना या आकड्याचा खरा उपयोग होतो. सायमोक्झॅनिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के या मिश्रणाची लेबलवरील मात्रा हेक्टरी दीड किलो, म्हणजे एकरी सुमारे ६०० ग्रॅम आहे. ‘लिटरला दोन ग्रॅम’ एवढेच डोक्यात ठेवून एकरी ५०० लिटर पाणी मारले तर किलोभर औषध पडते. उलट कमी पाण्याच्या यंत्राने १०० लिटरच मारले तर २०० ग्रॅमच पडते. दोन्ही चूक. आधी क्षेत्रावरून औषध ठरवा, मग ते आपल्या पाण्यात वाटा.

पूर्ण बागेला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. वरच्या हिशेबाने एकराला २२ मिनिटे लागतात. वळणे, टाकी भरणे आणि औषध कालवणे धरून ३५ ते ४० मिनिटे धरा. सहा एकरांना चार तास झाले. संध्याकाळी सहाला पाऊस येणार असेल आणि औषध वाळायला दोन-तीन तास द्यायचे असतील, तर सकाळी अकराच्या आत सुरुवात हवी. बरेच जण दुपारी तीनला निघतात आणि शेवटचे दोन एकर पावसातच राहतात.

> तपासा: किमान तीन वेगळ्या गटांची (बुरशीवर वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी) औषधे घरात आहेत का? पाऊस पडून गेल्यावर दुकानात जे शिल्लक असेल ते घ्यावे लागते आणि तिथेच निवड चुकते.

## २. घडाची अवस्था ठरवा

रस्त्याकडेच्या दोन वेली पाहून ‘बाग फुलोऱ्यात आली’ म्हणू नका. प्लॉटमध्ये तिरके चालत २० वेली निवडा. प्रत्येकीचे दोन घड पाहा: एक ओलांड्याच्या (वेलीच्या मुख्य आडव्या फांदीच्या) सुरुवातीचा, एक टोकाचा. घडाखाली तळहात धरून घड हलकेच झटका. फुलावरची हिरवी टोपी सुटून हातावर पडली आणि पुंकेसर मोकळे दिसले, तर ते फूल उमलले. नुसती कळी पडली, टोपी तशीच राहिली, तर ती गळ आहे. तिची नोंद वेगळी ठेवा.

चाळीस घडांवरून अंदाज घ्या:

- टोप्या अजून घट्ट, कळ्या एकमेकींपासून सुटलेल्या: फुलोऱ्याआधीचा टप्पा. संरक्षक फवारणीची सगळ्यात मोलाची वेळ हीच.
- दहाव्या हिश्श्यापर्यंत टोप्या पडलेल्या: फुलोरा सुरू.
- निम्म्या टोप्या पडलेल्या: भर फुलोरा. इथून पुढे गरज असेल तरच फवारणी.
- टोप्या संपल्या, मणी बाजरीएवढे: सेटिंग. दुसरे संरक्षण इथे हवेच.

फुलोऱ्याआधी एक फवारणी नीट बसली, तर भर फुलोऱ्यातले तीन-चार दिवस पंपाला हात न लावता जाऊ शकतात. फुलांवर औषध नको असे ज्यांना वाटते त्यांची भीती अगदीच निराधार नाही. चुकीची मिश्रणे आणि गनचा जोरदार फवारा यांनी नुकसान होतेच. त्यावरचा उपाय म्हणजे आधीची फवारणी वेळेवर घेणे. फवारणीच टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

थंडी वाढली की फुलोरा लांबतो. मग एकाच घडावर वर मणी धरलेले आणि खाली कळ्या दिसतात. अशा वेळी अवस्था ठरवताना घडाचा सगळ्यात मागे राहिलेला भाग धरा.

## ३. ओल मोजा

डाऊनीचे बीजाणू पाण्यात फुटतात. त्यांतून सूक्ष्म, पोहणारे बीजाणू बाहेर पडतात आणि पर्णरंध्रांतून आत शिरतात. पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या दांड्यावर, फुलाच्या देठावर आणि कोवळ्या मण्यावरही ही रंध्रे असतात. पाण्याचा पापुद्रा वाळला तर पोहणारा बीजाणू मरतो. म्हणून आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा ओलीचे तास बघायचे.

हिशेबाला एक सोपा ठोकताळा आहे: ओल असतानाचे सरासरी तापमान × ओलीचे तास. उत्तर ५० किंवा जास्त आले तर लागण होऊ शकते. २० अंशांना अडीच तास पुरतात. १४ अंशांना साडेतीन-चार तास लागतात. नाशिकच्या नोव्हेंबरात रात्री दोनला दव पडून सकाळी साडेआठला वाळले आणि सरासरी १५ अंश असेल, तर साडेसहा तासांचे ९७ झाले. लागणीला हवामान पुरेसे आहे. मात्र बीजाणूही हवेत, म्हणून चौथी पायरी सोडता येत नाही.

पांढरी बुरशी उगवायला आणखी वेगळी स्थिती लागते: अंधार, किमान चार तास ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि १३ अंशांपेक्षा जास्त तापमान. ती रात्री उगवते आणि पहाटे-सकाळी पसरते. रात्रभर ओल राहून सकाळी नऊपर्यंत ऊन न आलेला दिवस सगळ्यात वाईट, कारण ताज्या बीजाणूंना तयार पाणी मिळते. पहाटे दव पडून साडेसातला कडक ऊन निघाले तर धोका बराच कमी.

ओलमापक असेल तर तो घडाच्या उंचीला, कॅनॉपीच्या आत लावा. मंडपाच्या वर लावलेला मापक तास-दोन तास आधीच ‘कोरडे’ दाखवतो. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची पावसाची नोंद उपयोगी आहे. पण त्याच्या आर्द्रतेवर विसंबू नका, कारण तुमच्या बागेतली हवा तिथल्यापेक्षा ओली असते. उपकरण नसेल तर रात्री दहाला बॅटरी घेऊन, आणि मग सकाळी सहा, आठ व नऊला टिश्यू पेपर पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या खांद्यावर टेकवा. कागद ओला झाला की नोंद करा.

> सावधान: संध्याकाळी घेतलेली जीएची (जिबरेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाची) फवारणी किंवा डिपिंग, म्हणजे घड त्यात बुडवणेसुद्धा घड ओला करते. ढगाळ हवेत तो घड रात्रभर वाळत नाही. म्हणून जीएच्या आधी संरक्षक औषध बसून वाळलेले असावे. दोन्ही एका टाकीत घेऊ नका: जीएसाठी पाण्याचा सामू साडेपाच-सहाच्या आसपास आणतात आणि त्या आम्ल पाण्यात ताम्रयुक्त औषध गेले तर फुले करपतात.

## ४. बागेत जिवंत डाग आहेत का?

नुसत्या दवाने डाऊनी होत नाही. जवळ बीजाणू लागतात. ते येतात दोन वाटांनी. पहिली, जमिनीत पडलेल्या जुन्या पानांतून: जोराचा पाऊस माती भिजवतो, थेंब उसळतात आणि खालच्या पानांना पहिली लागण होते. दुसरी, बागेत किंवा बांधापलीकडे आधीच असलेल्या डागांवरून.

खालची पाने, पाणी साचणारा कोपरा, झाडाच्या सावलीतल्या ओळी आणि आधी छाटलेल्या शेजाऱ्याकडची बाजू एवढे रोज पाहा. कोवळ्या पानावर पिवळसर, तेल सांडल्यासारखा गोल डाग दिसतो. उजेडासमोर पान धरले की तो लवकर सापडतो.

डाग जिवंत आहे की मेला, हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. त्यासाठी पिशवीची चाचणी करा. संशयित आठ-दहा पाने तोडा, प्लॅस्टिक पिशवीत ओला टिश्यू ठेवून पाने खालची बाजू वर करून पसरा, पिशवी फुगवून बांधा आणि रात्रभर घरात अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला मिठासारखी पांढरी बुरशी आली तर डाग जिवंत. तपकिरी, कोरडाच राहिला तर मागच्या औषधाने काम केले आहे. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी हीच चाचणी घेतली की औषध लागू पडले का तेही कळते.

आज दिसलेला डाग आजचा नसतो. २० ते २५ अंशांना लागण झाल्यापासून डाग दिसायला चार-सहा दिवस जातात, थंडीत आठ-दहा. म्हणून डाग सापडला की वहीत मागे जाऊन कोणत्या रात्रीच्या ओलीने तो आला ते शोधा. त्या रात्री आधीचे संरक्षण कुठे कमी पडले, तेही सापडते.

## ५. आता ठरवा

पाऊस येणार आहे, अजून आला नाही. मागची संरक्षक फवारणी तीन-चार दिवसांपेक्षा जुनी असेल किंवा त्यानंतर काडीला दोन नवी पाने आली असतील, तर पावसाआधी फवारा. वाळायला दोन-तीन तास मिळालेच पाहिजेत. नव्या पानांचा अंदाज येण्यासाठी फवारणीच्या दिवशी दहा काड्यांच्या शेंड्याखाली रंगीत दोरा बांधा. दोऱ्याच्या वर जे आले त्यावर औषध नाही.

पाऊस पडून गेला, हिशेब ५० च्या वर गेला. चोवीस तासांच्या आत आंतरप्रवाही (वेलीच्या आत फिरणारे) किंवा पानात शिरणारे औषध हवे. ४८ तासांनंतर सायमोक्झॅनिलसारख्या औषधाचा मागे जाऊन काम करण्याचा परिणाम फारसा राहत नाही. वेली ठिबकत असताना फवारू नका, औषध पाण्याबरोबर खाली जाते. आधी तारा झटका किंवा औषध बंद ठेवून नुसता ब्लोअर फिरवा. घडातले पाणी उडाले की लागणीची वेळही कमी होते आणि फवाराही नीट बसतो.

फक्त दव आहे, बागेत आणि शेजारी जिवंत डाग नाही, मागची फवारणी ताजी आहे. थांबा. पाहणी चालू ठेवा. सर्वात जास्त फवारण्या इथे वाया जातात.

दव आहे आणि जिवंत डाग सापडले. त्याच दिवशी फवारा. डागी पाने व घड तोडून पिशवीत भरून बागेबाहेर न्या. ओळीत टाकू नका. पाच-सहा दिवसांनी वेगळ्या गटाचे औषध घ्या आणि मधल्या काळात पिशवीची चाचणी करा.

आकाश निरभ्र, सकाळी आठच्या आत बाग कोरडी. काही मारायचे नाही. दुकानातून ‘ढगाळ होणार म्हणून किट घ्या’ असा सल्ला आला तरी नाही.

पाऊस किती झाला त्यावरून स्पर्शजन्य (फक्त पृष्ठभागावर राहणाऱ्या) औषधाचा हिशेब असा ठेवा: २५ मिलिमीटरनंतर संरक्षण निम्मे राहिले असे धरा, ५० नंतर काहीच नाही. पावसाआधी वाळलेले औषध यापेक्षा बरे टिकते, न वाळलेले लगेच जाते.

## ६. औषध गटावरून निवडा, नावावरून नाही

बाजारात डाऊनीची दहा-बारा नावे दिसतात, पण ती मोजक्या गटांत बसतात. डायमिथोमॉर्फ, मँडीप्रोपामिड आणि इप्रोव्हॅलीकार्ब हे तिन्ही एकाच गटातले, गट ४०. सोमवारी एक, गुरुवारी दुसरे मारले तर औषध बदललेच नाही. किटमध्ये याच गटाच्या दोन बाटल्या एकत्र मिळतात, तेव्हा लेबलवरचा घटक वाचूनच पैसे द्या.

- मँकोझेब, प्रोपिनेब: स्पर्शजन्य. ओल येण्याआधीच काम करतात. आत शिरलेल्या बुरशीवर उपयोग नाही.
- सायझोफॅमिड, अमिसुलब्रोम: गट २१. पृष्ठभागावर धरून राहणारे संरक्षक, पावसाआधी चांगले.
- गट ४०: पानात काही प्रमाणात शिरते. मुख्य काम प्रतिबंधाचे. डायमिथोमॉर्फबरोबर स्पर्शजन्य जोडीदार हवा.
- सायमोक्झॅनिल: लागणीनंतर एक-दोन दिवस मागे जाऊन काम करते, पण लवकर संपते. पुढचे संरक्षण मिश्रणातल्या मँकोझेबचे असते.
- फोसेटिल आणि फॉस्फोनेट: वेलीत वर-खाली फिरतात, त्यामुळे नव्या फुटीलाही मिळतात. ताम्रयुक्त औषध किंवा पानांवरच्या खतांबरोबर मिसळू नयेत.
- मेटॅलॅक्झिल-एम: फक्त मिश्रणात, प्रतिबंधासाठी आणि हंगामात दोनपेक्षा जास्त नाही. पेटलेल्या रोगावर मारले की प्रतिकारक्षम बुरशी मागे उरते.

अ‍ॅझोक्सीस्ट्रोबिनच्या गटावर डाऊनीसाठी विसंबू नका. आपल्याकडील बागांत या गटाला दाद न देणारी बुरशी आढळली आहे.

निर्यातीच्या बागेत आणखी एक चाळणी लागते. युरोपीय संघाने मँकोझेबची मान्यता २०२० च्या अखेरीस आणि डायमिथोमॉर्फची २०२४ मध्ये काढून घेतली. भारतात लेबलवर परवानगी असणे आणि तिकडे माल स्वीकारला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी समोर ठेवा, काढणीपूर्व कालावधी पाहा आणि निर्यातदाराला विचारूनच औषध खरेदी करा. मागच्या वर्षीची यादी चालत नाही.

> सावधान: भर फुलोऱ्यात बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधे, तेलकट ईसी औषधे, चिकट द्रव्याची वाढीव मात्रा आणि कॅल्शियम-बोरॉन-झिंकची खिचडी टाळा. एका टाकीत दोनपेक्षा जास्त औषधे नकोत. नवे मिश्रण आधी पाच वेलींवर मारून दोन दिवस पाहा.

## ७. फवारणीचा दिवस

१. दव वाळल्यावर, साधारण नऊ ते अकरा, किंवा दुपारी चारनंतर. चारनंतर घेतली तर अंधाराआधी औषध वाळेल याची खात्री हवी. पानावर दव असताना मारलेले औषध पातळ होऊन ओघळते.

२. वारा पाने सतत उलटीपालटी करण्याइतका असेल तर थांबा.

३. टाकी अर्धी भरा, ढवळणी सुरू करा, पावडर बादलीत पातळ करून ओता, शेवटी द्रवरूप औषध, मग उरलेले पाणी. कोरडी पावडर टाकीत ओतली तर गाठी नोझलला जाऊन बसतात.

४. कोवळ्या घडांवर हवेचा झोत मध्यम ठेवा. गनने फवारत असाल तर घडापासून हाताएवढे अंतर राखा. घड झोडपला जात असेल तर दाब कमी करा.

५. प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी. एक ओळ सोडून चालवायची सवय फुलोऱ्यात घातक आहे; पलीकडच्या घडाची पाठ कोरडी राहते.

६. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. औषध वाळेपर्यंत घडकामाच्या मजुरांना बागेत सोडू नका.

> तपासा: औषध वाळल्यावर पाच घड उघडून पाहा. मँकोझेबचा पिवळसर थर दांड्याच्या आतल्या बाजूला आणि पाकळ्यांच्या बगलेत दिसतो का? वरच्या खांद्यावरच दिसत असेल तर नोझलची दिशा चुकली आहे. ती दुरुस्त करा. फक्त औषध वाढवून उपयोग नाही.

## ८. गळ, कूज आणि डाऊनी वेगळे ओळखा

तीन-चार दिवस ढगाळ गेले की घडाखाली कळ्यांचा सडा पडतो आणि घाबरून लगेच डाऊनीचे औषध मारले जाते. आधी घड हातात घ्या.

दांडा हिरवागार, ताठ, आणि कळ्या फक्त पिवळ्या पडून झडत असतील तर ती गळ. तिचे कारण अपुरा उजेड, जास्त जोम, जास्त पाणी आणि नत्र यांत असते. बुरशीनाशकाने ती थांबत नाही. पाणी आवरा, शेंडे मारा, दाटी कमी करा.

दांड्याचा भाग पाण्यात भिजल्यासारखा होऊन काळा पडला, बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागला आणि पांढरी बुरशी नसेल, तर ती कूज. पाणी साचून राहणाऱ्या घडात ती होते. इथे ब्लोअरची हवा आणि तारा झटकणे जास्त कामी येते.

दांडा तपकिरी होऊन वाकडा झाला, फुलांचा झुपका सुकला आणि दमट सकाळी त्यावर पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी. शंका असेल तर घडाचा तुकडा पिशवीच्या चाचणीत टाका.

## ९. सेटिंगनंतर कधी ढिले सोडायचे?

मणी बाजरीएवढे झाले की लगेच दुसरे संरक्षण द्या. आधीच्या फवारणीचे औषध टोप्यांबरोबर गळून गेलेले असते आणि नवा मणी उघडा पडतो. पाऊस चालू असेल तर स्पर्शजन्य औषध तीन-चार दिवसांनी, आंतरप्रवाही सात ते दहा दिवसांनी, गट बदलून.

मणी वाटाण्याएवढा झाला की त्याच्यावरची रंध्रे निकामी होतात आणि बुरशीला थेट आत शिरता येत नाही. फुलोऱ्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत ही अवस्था येते. तोवर पाचव्या पायरीचा निर्णय प्रत्येक ओलीला नव्याने घ्यायचा. त्यानंतरही देठ आणि दांडा काही दिवस कोवळेच असतात. देठातून आत गेलेली बुरशी मणी तपकिरी, चामड्यासारखा करते आणि तो बाहेरून पांढरा दिसत नाही. म्हणून वाटाण्याएवढ्या मण्यांच्या बागेत पाहणी करताना मण्याऐवजी देठाकडे बघा. देठ स्वच्छ हिरवे असतील, कोवळी पाने डागरहित असतील आणि आठवड्याचा अंदाज कोरडा असेल, तर घडासाठीची डाऊनीची फवारणी थांबवा आणि पुढचे लक्ष भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाकडे वळवा.